केळवे ते मालवण : पाठीवर सॅक आणि पाण्याखाली अडतीस मिनिटं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'साहसी सहल : अनुभवकथन' असं छापलंय. साहस वगैरे काही नाही हो. मी तारापूर एमआयडीसीत प्रयोगशाळेत नोकरी करणारी एक्कावन्न वर्षांची बाई. रोज केळवे रोडहून बोईसरची गाडी पकडणं हेच ज्यांचं साहस, त्यांच्यातली मी एक. पण गेल्या वर्षी बारा दिवसांची रजा काढून मी भाचीबरोबर पाठीवर सॅक टाकून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला गेले आणि तिथे स्कूबा डायव्हिंग शिकून आले. त्याबद्दल बोलायला सांगितलंय. सचिवांनी पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि ते घड्याळ बघतायत.

मूळ दोष भाचीचा. ती नोकरीतून दोन महिने सुट्टी घेऊन दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देश फिरायला गेली होती, एकटी. तिकडे सांता मार्ता शहराजवळ तागांगा नावाचं गाव आहे, कॅरिबियन समुद्राच्या काठी. मूळचं मच्छीमारांचं गाव. हल्ली जगभरातली पोरं पाठीवर सॅक लटकवून तिथे जातात, कारण स्कूबा स्वस्तात शिकवतात. ही पण शिकली. रात्री बेरात्री फोन करून मला सांगायची. एकदा म्हणाली, "मावशी, इथले कोळी किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात, त्याला चिंचोरो म्हणतात, आणि कोणी कुठे जाळं टाकायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात." मी म्हटलं, अगं, ही तर आपली रापण! मालवणकडे रापणीचे संघ असेच चालतात. इतक्या दूर जाऊन तू रापण बघून आलीस.

ती परत आल्यावर घरी बसलो होतो. तिने विचारलं, "मावशी, तुझा जन्म केळव्याचा. तू पाण्यात कधी गेलीस?"

गेले नव्हते. घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. आणि याचं कारण सांगितलं पाहिजे, कारण माझ्या वयाच्या इथल्या अनेकांचं कारण तेच आहे.

मी सातवीत असताना आमच्या शाळेतला एक मुलगा समुद्रात गेला. मित्रांबरोबर पोहायला उतरला होता. दुसऱ्या दिवशी शाळा सोडून दिली. आणि त्या दिवसापासून गावातल्या आमच्यासारख्या वाडीतल्या घरांमध्ये समुद्र बंद झाला. आमची पानवेलीची वाडी सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर, रात्री अंथरुणात लाटा ऐकू यायच्या, पण आई म्हणायची, "समुद्र बघायचा असतो, शिवायचा नसतो." त्या मुलाच्या जाण्याने आम्हांला भीती शिकवली गेली. पोहायला मात्र कोणी शिकवलं नाही. मांगेल्यांची पोरं शिकत होती, ती त्यांच्या बापाबरोबर होडीवर जायची. आम्ही वाडीवाली आणि नंतर इथे फ्लॅट घेऊन आलेली माणसं कोरडी राहिलो ती राहिलोच. आई आज समोर बसली आहे, ब्याऐंशी वर्षांची. तिला मी दोष देत नाही. तिने तिच्या परीने आम्हांला जिवंत ठेवलं.

आता शिकायचं म्हणजे आधी पोहणं आलं. स्कूबाच्या पहिल्या खऱ्या कोर्ससाठी, ज्याला 'ओपन वॉटर' म्हणतात, साधारण दोनशे मीटर न थांबता पोहावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवावं लागतं. वेगाची अट नाही. कसंही पोहा. मी सात महिने दर शनिवारी सकाळची लोकल पकडून विरारला एका तरणतलावात जात होते. माझ्याबरोबर शिकणारी बाकी सगळी सहा-सात वर्षांची होती आणि ती मला 'आजी' म्हणायची. सातव्या महिन्यात दोनशे मीटर झाले. मग डॉक्टरांची तपासणी : कान, छाती, रक्तदाब. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्याखाली जायचं नाही. हे हौसेपायी लपवू नका.

आणि मग फेब्रुवारीत निघालो. भाचीची अट एकच, गाडी करायची नाही. मिळेल ती एसटी, मिळेल ती रिक्षा, मिळेल ती होडी. तुमच्यापैकी अनेक जण मुंबई-गोवा हायवेने कोकणात गेला असाल, पण किनाऱ्याने कधी गेला आहात का? केळवे रोडहून लोकल, विरारला बदलून चर्चगेट. गेटवेहून लाँचने मांडवा. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. तिथे खाडी आडवी येते, फेरीबोटीत माणसं, मोटारसायकली, टेम्पो सगळे एकत्र चढतात आणि पलीकडे दिघी. श्रीवर्धन, बागमांडला, पुन्हा खाडी, पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेश्वी. केळशी, हर्णै, दाभोळ, पुन्हा फेरी, धोपावे. गुहागर, तवसाळ, पुन्हा फेरी, जयगड. पुढे गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. सहा दिवस लागले. रेल्वेने एका रात्रीत पोचता येतं हे मला माहीत आहे, शेजारच्या काकांनी तीनदा सांगितलंय.

पण त्या सहा दिवसांत एक गोष्ट डोळ्यांदेखत बदलत गेली, ती म्हणजे पाणी. आपल्याकडचं पाणी चहासारखं. भाची लहानपणापासून त्याला 'घाण पाणी' म्हणते. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो, तो बघत उभे होतो तेव्हा तिथल्या एका वयस्क माणसाने तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, घाण नाही, गढूळ. फरक आहे." हा फरक मला नंतर नीट कळला. आपल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांमध्ये पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. मालवणला त्याच्या साधारण निम्मं. आपला तळ उथळ, चिखलाचा, त्यात खाड्यांचा गाळ. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, तर तळ ढवळणारच. त्या गाळाबरोबर मासळीचं खाणं येतं. बोंबील, कोळंबी, सातपाटीचं पापलेट ही त्याच पाण्याची संपत्ती. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा ठरवलं, तेव्हा सातपाटीवाल्यांना किती आनंद झाला ते आपण पाहिलंच. कारखान्यांचं सांडपाणी ही वेगळी गोष्ट, त्याला घाणच म्हणायचं. मी त्याच एमआयडीसीत काम करते, मला बोलायचा अधिकार आहे.

मालवणला तळ खडकाळ, भरतीचा जोर कमी, म्हणून थंडीत पाणी निवळतं. खडकावर प्रवाळ धरतं, प्रवाळावर मासे येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. स्कूबाची होडी त्याच बाजूला जाते.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आपल्याकडून मालवणला जाणारे 'आम्ही स्कूबा केलं' म्हणून फोटो दाखवतात. ते पंधरा-वीस मिनिटांचं असतं, गाइड तुम्हांला धरून काही मीटर खाली नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो. पोहता यायची गरज नसते. मजा आहे, वाईट काही नाही, पण त्यात तुम्ही सामान असता, गाइड तुम्हांला वाहून नेत असतो. कोर्स म्हणजे स्वतःची हवा स्वतः सांभाळणं. तारकर्लीला एमटीडीसीची यासाठी खास संस्था आहे, शिकवायला खोल तरणतलाव आहे. इतर ठिकाणीही कोर्स होतात. आधी वर्ग, मग तलाव, मग समुद्रात चार डाइव्ह. त्यानंतर जे कार्ड मिळतं त्यावर जगात कुठेही अठरा मीटरपर्यंत जाता येतं, सोबत जोडीदार घेऊन. एकट्याने कधीच नाही.

आता थोडं विज्ञान, मुलांनी ऐका. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं सगळ्यांना वाटतं. नाही. साधी हवाच असते, गाळलेली, कोरडी, दोनशे बारपर्यंत दाबून भरलेली. हवा तोंडात सोडणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. तुम्ही जितक्या खोल आहात तितक्या दाबाची हवा ते देतं. हे फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये जमवलं, तोपर्यंत माणूस पाण्याखाली जायचा तो बहुतेक वेळा वरून नळी लावून नाहीतर श्वास कोंडून. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. तोंड खाली केलेली बाटली दहा मीटर खाली नेली तर आतली हवा निम्मी होते. वर आणली की पुन्हा दुप्पट. आता बाटलीच्या जागी तुमची फुप्फुसं आहेत असं समजा. खाली भरून घेतलेला श्वास कोंडून तुम्ही वर आलात तर काय होईल? म्हणून पहिला नियम, आणि तो रोज चार वेळा म्हणून घेतात : श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा, वर येताना घाई नाही. आपल्या सगळ्यात लहान बुडबुड्याच्या पुढे जायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, खाली असताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला.

गंमत म्हणजे, जमिनीवर आपल्याला घाबरलो की श्वास रोखायची सवय. पाण्याखाली नेमकं उलट. तलावात तळाशी बसवून मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायला लावतात आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायला लावतात. तोंडातला रेग्युलेटर काढून टाकायला लावतात, मग हाताने शोधून परत तोंडात. नाकात पाणी गेलं की सगळं शरीर ओरडतं, वर जा, वर जा. आमच्या शिक्षकाचं वय माझ्या मुलाएवढं. मालवणातल्या कोळीवाड्यातला पोरगा, वडील रापणीवर. मी तिसऱ्यांदा वर आले तेव्हा तो काठावर बसून म्हणाला, "काकी, घाई कसली आसा? पाणी खय पळान जाता?" चौथ्या वेळेला झालं.

खुणाही शिकवतात, कारण खाली बोलता येत नाही. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'मला वर जायचंय'. आमच्याबरोबर एक पुणेकर गृहस्थ होते, ते मासा दिसला की आनंदाने अंगठा दाखवायचे आणि शिक्षक त्यांना वर घेऊन जायचा.

समुद्रातल्या शेवटच्या डाइव्हला मी अडतीस मिनिटं खाली होते, साधारण बारा मीटरवर. काय दिसलं ते सांगू? कोळणीच्या टोपलीत ज्यांना आयुष्यभर पाहिलं ते मासे जिवंत दिसले. गोब्रा खडकाच्या कपारीत बसलेला, तोंड उघडून आपल्याकडे बघणारा, सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखा. शेवंडीच्या नुसत्या मिशा बाहेर. एक पाखट वाळूतून उठून गेलं, चादर झटकावी तसं. आणि तांबोसा! बाजारात लालबुंद असतो तो खाली मातकट दिसत होता. कारण पाणी आधी लाल रंगच शोषून घेतं, पाच-सहा मीटरनंतर लाल रंग उरतच नाही. शिक्षकाने टॉर्च मारला आणि तो क्षणात तांबडा झाला. आणि शांतता म्हणतात तशी शांतता नसते बरं का. आपल्या श्वासाचा आवाज असतो, बुडबुड्यांचा, आणि खडकावरून सतत बारीक तडतड, फोडणीतल्या मोहरीसारखी. ती म्हणे बारीक कोळंबी करतात.

चाळीस वर्षं मी ज्याला घाबरले ते हे. असं काही मोठं मनात आलं नाही त्या वेळी, हवेचा काटा बघण्यात लक्ष होतं. होडीत आल्यावर आलं.

घरी आल्यावर आईने काय विचारलं असेल? "खाली श्वास घेता येतो?" मी म्हटलं, येतो. "मग त्याला कोणी हे का नाही शिकवलं?" चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या त्या मुलाचं ती बोलत होती. स्कूबा आणि पोहणं यात तिने गल्लत केली असेल, पण प्रश्न बरोबर होता.

आणि म्हणून मी आज इथे उभी आहे, माशांच्या गोष्टी सांगायला नव्हे. गेल्या महिन्यात मी तिन्ही विंगमध्ये विचारत फिरले, नीट पोहता कोणाला येतं? मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली, आणि त्यात मुलं दोनच. समुद्र आपल्यापासून चालत जाण्याएवढा. शनिवार-रविवारी आपल्याकडे पाहुणे येतात, आपण त्यांना कौतुकाने किनाऱ्यावर नेतो, शीतलादेवीचं दर्शन, मग पाण्यात. त्यांना सावध कोणी करायचं? आपल्यालाच माहीत नाही. ओहोटीला पाणकोटापर्यंत लोक चालत जातात, गप्पा मारतात, फोटो काढतात, आणि मागे खाडीत पाणी भरतंय हे बघत नाहीत.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. दांड्याच्या एका काकांनी मला सांगितलेला हिशेब आपल्या आजोबांनाही ठाऊक होता : तिथीला पाऊणने गुणा. पाऊणकीचा पाढा. आज एकादशी असेल तर अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती, सकाळी आणि रात्री. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. मिनिटाचा हिशेब नाही हा, पण पाहुण्यांना कधी न्यायचं एवढं कळायला पुरे. पाणी बाहेर जात असताना खाडीच्या तोंडाशी कोणालाही उतरू देऊ नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, तरंगायचं, हात वर करायचा, आणि ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर सरकत राहायचं. आणि बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी मारायची नाही. दोरी, रिकामा कॅन, ओढणी, काहीही फेका. एकाच्या मागे दुसरा गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

मालवणला जाणाऱ्यांसाठीही एक सांगते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर, किनाऱ्याजवळ. म्हणून लाइफ जॅकेट होडीत पाय ठेवण्याआधी अंगावर, आणि होडीत माणसं जास्त वाटली तर खाली उतरा. पैसे गेले तर जाऊ देत.

आता मुद्द्याचं. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. कमानीला माझा विरोध नाही, फक्त ती थोडी बुटकी बांधावी. ग्रॅनाइटऐवजी साधी केली तर जे वाचेल त्यातून सोसायटीतल्या दहा ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एक हंगाम पोहायला पाठवता येईल, जाण्यायेण्यासह. हिशेब मी काढून खजिनदारांना दिला आहे, तो त्यांनी तपासावा आणि सभेत वाचावा. मुलींची नावं आधी घ्यावीत, कारण त्यांना 'नंतर बघू' सांगणं सगळ्यांना सोपं जातं.

सचिव उभे राहिलेत, म्हणजे वेळ संपली.

(भाषणानंतर सभासदांनी विचारलेले काही प्रश्न)

"या वयात जमेल का?" वय नव्हे, तब्येत बघतात. माझ्या बॅचला एक एकसष्ट वर्षांचे गृहस्थ होते, त्यांना माझ्याहून आधी जमलं.

"विमानाने लगेच परत येता येतं का?" नाही. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही. एसटीने या.

"पावसाळ्यात चालू असतं का?" बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात बरं.

"केळव्याच्या पाण्याखाली काय दिसेल?" हा बी विंगमधल्या चौथीतल्या मुलाचा प्रश्न. स्वतःची बोटंसुद्धा दिसणार नाहीत. पण पाण्यावर तरंगता येईल, आणि तेवढं आधी शीक. पोहण्याच्या बॅचसाठीची वही उद्यापासून ए विंगच्या जिन्याखाली, नोटीस बोर्डाच्या शेजारी ठेवते. नाव, वय, फ्लॅट नंबर आणि आईवडिलांपैकी एकाची सही.